साठीनंतरची उमेदवारी

निवृत्तीनंतर गाणं शिकणारे, पेटी-तबल्याच्या क्लासला जाणारे पुष्कळ दिसतात. वाद्य घडवायला शिकणारा मात्र विरळा. तो मिरजेच्या सतारमेकर गल्लीत दिसावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

या गल्लीचा आरंभच दुसऱ्या धंद्यातून झाला. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी ओसरली आणि शिकलगारी, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचं काम करणारे फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदच आहे, पण मानांकनाने हात तयार होत नाहीत.

हात तयार होतात ते जवारी काढताना. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने जरासा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. उतार किंचित चुकला तरी तानपुऱ्याची आस तुटते. यंत्र इथे उपयोगाचं नाही, कान हवा आणि सवड हवी. आयुष्यभर मैफली ऐकलेल्या निवृत्तांकडे या दोन्ही गोष्टी असतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा वाळका भोपळा कापणं, लाकूड तासणं ही खांद्याची कामं. ती साठीत जड जाणार. तारा चढवणं, खुंट्या बसवणं, जवारी यांपासून सुरुवात करता येईल.

एक आग्रह मात्र आहे. शिकवण्यात कारागिराचा कामाचा वेळ जातो आणि त्याचं पोट त्या वेळेवर असतं. पेन्शन मिळणाऱ्या शिष्याने तिथे फुकट बसू नये. मोबदला आधी ठरवावा, मगच कानस हातात घ्यावी.