शेजारच्या फळीवरचा खोका

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतोय. निमित्त मामाचं. परवा फोनवर त्याने विचारलं, "अरे, चांगली चाललेली नोकरी सोडलीस का? आणि तू नक्की विकायचास तरी काय?" घरच्यांना मी इतकी वर्षं "मेडिकलमध्ये सेल्सला आहे" एवढंच सांगत आलो. त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बॅग घेऊन दवाखान्याबाहेर ताटकळणारा एमआर. तर मामा, हे तुझ्यासाठी. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही :)

मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. अशा झटक्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात असा २००६ सालचा एक हिशेब आहे. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन ती गुठळी बाहेर काढतात. त्यासाठी लागणाऱ्या जाळ्या आणि नळ्या मी अमेरिकेत विकत होतो. एकेकाची किंमत हजारो डॉलर. आणि विकायचो म्हणजे केस चालू असताना कॅथ लॅबमध्ये उभा असायचो. डॉक्टरांना माप सुचवायचं, खोका हातात द्यायचा. रात्री दोनलासुद्धा.

आता स्पर्धा वाईट असं मी म्हणणार नाही. २००४ मध्ये इथे मान्यता मिळालेलं पहिलं उपकरण, मर्सी, हे बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखं होतं. स्पर्धा नसती तर अजून तेच वापरत बसलो असतो. २०१२ मध्ये सॉलिटेअर आणि ट्रेव्हो या दोन जाळ्या पाठोपाठ आल्या आणि दोन्ही मर्सीपेक्षा सरस ठरल्या. २०१३ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांनी या उपचाराचा फायदाच दिसत नाही असं सांगितलं, तेव्हा आमचा सगळा धंदा हादरला होता. २०१५ मध्ये पाच चाचण्यांनी चित्र पालटवलं. त्यातल्या काहींना पैसा कंपन्यांचाच होता. तो नसता तर कदाचित आजही हे उपचार सर्रास होत नसते. हे कंपन्यांचं श्रेय, ते द्यायलाच हवं.

पण मग आमचं खरं युद्ध सुरू झालं. जाळीवाले विरुद्ध पंपवाले. म्हणजे गुठळी जाळीत पकडून ओढायची, की जाड नळीने खेचून घ्यायची? आम्ही जाळीवाले. मीटिंगांमध्ये समोरच्या कंपनीबद्दल जे बोललं जायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गंमत म्हणजे २०१७ ची अ‍ॅस्टर आणि २०१९ ची कंपास, या दोन्ही चाचण्यांत दोन पद्धतींचे निकाल जवळजवळ सारखेच आले. कंपासमध्ये तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण एका बाजूला ५२ टक्के, दुसऱ्या बाजूला ५०. ज्या फरकासाठी आम्ही एकमेकांचे गळे धरत होतो तो फरक जवळपास नव्हताच!

मात्र सरासरी सारखी असली तरी प्रत्येक रुग्ण सारखा नसतो. इथेच माझी गोष्ट येते.

२०१८ सालची रात्र. एक बाई, साठीच्या आसपास. आमची जाळी दोनदा टाकून झाली होती, गुठळी हलत नव्हती. डॉक्टर दमलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आता काय?" शेजारच्या फळीवर दुसऱ्या कंपनीच्या जाड नळीचा खोका होता. मला तो दिसत होता. अशा घट्ट गुठळीला आता खेचून बघावं, हेही मला कळत होतं. मी म्हणालो, "मोठ्या मापाची जाळी आहे माझ्याकडे." तिसरी खेप. तीही फुकट. शेवटी नर्सनेच तो खोका पुढे केला आणि गुठळी आली.

मधे पंधरा मिनिटं गेली. तिसऱ्या जाळीचं बिल मात्र झालं आणि माझं त्या तिमाहीचं टार्गेटही.

बाई पुढे चालायला लागल्या, पण बोलणं पूर्ण परत आलं नाही असं कानावर आलं. ती पंधरा मिनिटं वाचली असती तर आलं असतं का? कुणीच सांगू शकणार नाही. मी खोटं बोललो नव्हतो. कायदा मोडला नव्हता. माझी पळवाट हीच, आणि माझी अडचणही हीच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन बातम्या आल्या. कोव्हिडियन कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलर भरून सरकारशी तडजोड केली. सॉलिटेअर वापरावं म्हणून माहिती-नोंदणीच्या नावाखाली हॉस्पिटलांना पैसे दिले, असा आरोप होता (तडजोड झाली, आरोप कोर्टात सिद्ध झाला नाही). आणि तिच्याच ईव्हीथ्री या कंपनीने, मेंदूसाठी मान्य असलेलं ओनिक्स हे द्रव्य शरीरात इतरत्र वापरायला उत्तेजन दिल्याचा गुन्हा कबूल केला. त्यात सरकारने विक्रीच्या कोट्यांवर आणि बोनसवर नेमकं बोट ठेवलं होतं. ऑफिसात सगळे म्हणाले, "बरं झालं, आपण असलं करत नाही." मी मात्र त्या खोक्याचा विचार करत होतो.

माझा एक जुना सहकारी म्हणतो, "निर्णय डॉक्टरचा असतो, तू उगाच मनाला लावून घेतोस." कागदावर बरोबर आहे. पण रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाने "आता काय?" विचारलं तर तो सल्ला मागत असतो, मालाची यादी नव्हे. आणि उत्तर देणाऱ्याचा पगार कुठल्या खोक्यावर ठरतो हे टेबलावरच्या रुग्णाला माहीत नसतं.

कायदे आहेत. इथे डॉक्टरांना कंपन्यांकडून काय मिळालं ते २०१४ पासून सरकारी संकेतस्थळावर दिसतं. भारतातही २०२४ मध्ये वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठी आचारसंहिता आली. पण हे सगळे नियम कंपनीने डॉक्टरला काय दिलं ते पाहतात. कंपनी आपल्याच माणसाला कशाचे पैसे देते, हे कोण पाहणार? माझं म्हणणं साधं आहे. लॅबमध्ये उभा राहणाऱ्याचा पगार ठरलेला असावा, खोक्यांवर मोजलेला नसावा. स्पर्धा खुशाल करा, ती कारखान्यात करा, चाचण्यांत करा. त्या खोलीत नको.

हे कंपनीत बोलून पाहिलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या तिमाहीचं टार्गेट वाढवलं. मग सोडली नोकरी. लगेच नाही हं मामा, दीड वर्षाने. घराचे हप्ते होते. तेवढा शूर मी नाही.

असो. आईला हे वाचून दाखवू नकोस. तिला वाटतं मी लोकांचे जीव वाचवायचो. बऱ्याचदा ते खरंही होतं.