विश्लेषण : लठ्ठ मुलांवर वजन घटवण्याची शस्त्रक्रिया – कधी गरज, कधी घाई?

मीरा रोड पूर्वेच्या सिल्व्हर पार्क नाक्यावर संध्याकाळी उभे राहिले, की मुलांच्या वाढत्या वजनाचे अर्धे कारण समोर दिसते. शाळेतून क्लासला आणि क्लासवरून घरी जाणारी मुले, वाटेत वडापाव, सँडविच आणि चायनीजच्या गाड्या, वाहनांनी भरलेला रस्ता. खेळायला मात्र जागा शोधावी लागते. ‘उंची वाढली की बारीक होईल’ असे घरोघरी म्हटले जाते. अनेक मुलांच्या बाबतीत तसे होतेही. पण काहींचे वजन थांबत नाही, मधुमेह किंवा रक्तदाब मागे लागतो आणि एक दिवस डॉक्टर शस्त्रक्रियेचे नाव काढतात. वाढत्या वयात मुलाच्या जठराला कात्री लावायची का, हा प्रश्न मग घरात अनेक रात्री जागवतो.

लठ्ठपणा किती वाढला आहे?

‘लॅन्सेट’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतात ५ ते १९ वयोगटातील सुमारे १ कोटी २५ लाख मुले लठ्ठ होती. १९९० मध्ये हा आकडा सुमारे चार लाख होता. पाच वर्षांखालील जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) २.१ टक्के होते, ते पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३.४ टक्क्यांवर गेले. ‘युनिसेफ’ने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले, की जगात शाळकरी वयात लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) प्रथमच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (९.२ टक्के) जास्त झाले आहे.

मूल गुटगुटीत की लठ्ठ, हे कसे ठरते?

किलोतले वजन वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. मोठ्यांसाठी एकच मोजपट्टी चालते. मुलांचे शरीर दरवर्षी बदलते, म्हणून त्यांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार तक्त्यावर पाहावा लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे (आयएपी) २०१५ चे तक्ते यासाठी वापरले जातात. प्रौढांच्या २३ आणि २७ या बीएमआयशी जुळणाऱ्या रेषा त्यात आखलेल्या असून वरची रेषा ओलांडली की लठ्ठपणा. शस्त्रक्रियेचा विषय निघतो तो याच्याही बराच पुढे, म्हणजे ‘तीव्र लठ्ठपणा’ असेल तेव्हा. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या आणि ९० किलो वजनाच्या मुलाचा बीएमआय ३५ च्या थोडा वर जातो.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

तिला बेरिआट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. पोटावर छोटी छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साह्याने ती होते. ‘स्लीव्ह’ पद्धतीत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून उरलेल्याची केळ्याच्या आकाराची नळी केली जाते. ‘बायपास’मध्ये जठराची लहान पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींत खाण्याचे प्रमाण तर घटतेच, शिवाय भूक आणि साखर यांवर ताबा ठेवणारी संप्रेरकेही बदलतात. चरबी खेचून काढणाऱ्या ‘लायपोसक्शन’शी तिचा काही संबंध नाही. आणि स्लीव्हमध्ये काढलेले जठर परत मिळत नाही.

ती कोणत्या मुलांसाठी सुचवली जाते?

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जानेवारी २०२३ मध्ये नवी मार्गदर्शक सूचना काढली. तीव्र लठ्ठपणा असलेल्या १३ वर्षे व त्यापुढच्या मुलांना शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय द्यावा, असे ती सांगते. तपासणीला पाठवणे म्हणजे लगेच टेबलावर घेणे नव्हे. साधारण निकष असा : बीएमआय ३५ च्या वर आणि सोबत मधुमेह, झोपेत श्वास अडकणे, यकृतात चरबी असे आजार, किंवा बीएमआय ४० च्या वर. लहान वयात हे आकडे वयाच्या तक्त्यानुसार खाली येतात. त्याआधी आहार, हालचाल आणि वागणुकीतील बदलाचा गंभीर प्रयत्न झालेला हवा. याच सूचनेनुसार गंभीर प्रयत्न म्हणजे ३ ते १२ महिन्यांत तज्ज्ञांसोबत किमान २६ तास, तेही कुटुंबासह. आपल्याकडे अनेकदा एक छापील डाएट चार्ट हातात ठेवून ‘प्रयत्न केला, पण फरक पडला नाही’ असे म्हटले जाते. तो प्रयत्न या व्याख्येत बसत नाही.

‘अजून थांबू’ म्हणण्यात धोका आहे का?

आहे, आणि तोच सहसा नजरेआड होतो. लहान वयात होणारा टाइप-२ मधुमेह प्रौढांच्या मधुमेहापेक्षा वेगाने शरीर पोखरतो. अमेरिकेतील ‘टुडे’ अभ्यासात अशा मुलांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले. सरासरी २६ व्या वर्षी त्यांतील ६० टक्क्यांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसांची निदान एक गुंतागुंत झालेली होती. थांबणे म्हणजे सुरक्षित राहणे, असे या मुलांच्या बाबतीत म्हणता येत नाही.

दुसरीकडे स्वीडनमध्ये १३ ते १६ वर्षांच्या ५० मुलांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले गेले. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचा बीएमआय सरासरी १२.६ ने उतरला होता. आहार आणि समुपदेशनाच्या गटात तो जवळपास जागेवरच होता.

फायदा टिकतो का? किंमत काय मोजावी लागते?

अमेरिकेच्या ‘टीन-लॅब्ज’ अभ्यासात किशोरवयात शस्त्रक्रिया झालेल्यांचा बीएमआय दहा वर्षांनंतरही सरासरी २० टक्क्यांनी कमी होता. मधुमेह असलेल्यांपैकी ५५ टक्क्यांचा मधुमेह आटोक्यात राहिला. पाच वर्षांच्या टप्प्यावर तुलना केली, तेव्हा किशोरवयीनांपैकी ८६ टक्क्यांचा मधुमेह मागे हटला होता, प्रौढांत ५३ टक्क्यांचा. म्हणजे लवकर केल्याचा फायदा दिसतो.

मात्र याच अभ्यासात तीन वर्षांनी ५७ टक्के मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा कमी आढळला आणि १३ टक्क्यांना पोटावर आणखी काही उपचार करून घ्यावे लागले. बी-१२, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. ॲनिमिया आधीच घरोघरी असलेल्या आपल्या देशात, विशेषतः पाळी सुरू झालेल्या मुलींसाठी, ही बाब किरकोळ नाही. वजन उतरले म्हणून मनही हलके होते, असेही नाही. स्वीडनमधील पाहणीत अशा मुलांच्या मानसिक आरोग्याच्या तक्रारी पुढेही कायम राहिल्या. शाळेतल्या चिडवण्याने पडलेले घाव टाक्यांबरोबर भरत नाहीत.

अगदी लहान मुलांचे काय?

सौदी अरेबियात २०१० मध्ये अडीच वर्षांच्या मुलावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. तो अहवाल २०१३ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जगभर वाद झाला. इतक्या लहान मुलांसाठी दीर्घकालीन पुरावा नाही आणि १३ वर्षांखाली ही शस्त्रक्रिया नेहमीचा उपचार मानली जात नाही.

शिवाय फार लहानपणीच वजन बेसुमार वाढले, तर आधी कारण शोधावे लागते. लेप्टिन या संप्रेरकाची जन्मजात कमतरता असेल, तर मूल अखंड भुकेले राहते. त्यावर त्या संप्रेरकाचे इंजेक्शन लागते, कात्री नव्हे. मुंबईत २०१७ मध्ये उपचारांसाठी आणलेल्या, सुमारे ५०० किलो वजनाच्या इजिप्तच्या महिलेचे प्रकरण अनेकांना आठवत असेल. तिचे वजन लहानपणापासून वाढत गेले होते आणि जनुकीय दोष कळला तो छत्तिशीत, शस्त्रक्रियेच्या सुमारास. तपासणी लहानपणी का हवी, हे त्यातून कळते.

खर्च आणि विम्याचे काय?

येथे भारतीय पालकांची खरी अडचण आहे. विमा नियामक ‘इर्डाई’ने ठरवून दिलेल्या प्रमाण शब्दरचनेत लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी रुग्ण १८ वर्षे पूर्ण केलेला असावा लागतो. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, किंवा गंभीर आजारांसह ३५ असणे, ही अट वेगळीच. म्हणजे वैद्यकीय सूचना १३ व्या वर्षी दार उघडते आणि विमा ते १८ पर्यंत बंद ठेवतो. १५ व्या वर्षी मधुमेह जडलेल्या मुलाने तीन वर्षे थांबायचे, की घरच्यांनी कर्ज काढायचे? घाईला आवर हवाच, पण तो आजाराच्या तीव्रतेने घातला जावा, जन्मतारखेने नव्हे.

खर्च शस्त्रक्रियेवरच संपत नाही. पूरक गोळ्या, रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि प्रत्येक वेळी मीरा रोडहून लोकलने मुंबई गाठणे हे वर्षानुवर्षे चालते. तपासणीला न जाणाऱ्या मुलासाठी हीच शस्त्रक्रिया धोक्याची ठरते.

इंजेक्शनचा मधला मार्ग आहे का?

अमेरिकेत सेमाग्लुटाइडला डिसेंबर २०२२ मध्ये १२ वर्षांपुढील मुलांसाठी मंजुरी मिळाली. त्यासाठीच्या चाचणीत बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. काही मुलांची शस्त्रक्रिया यामुळे टळू शकेल. मात्र औषध थांबवले की वजन परत येऊ लागते, आणि ते बालरोग किंवा संप्रेरकतज्ज्ञांच्या देखरेखीतच घ्यायचे आहे. मोठ्यांसाठी आणलेले इंजेक्शन मुलाला टोचणे हा मार्ग नव्हे.

पालकांनी डॉक्टरांना काय विचारावे?

• थायरॉइड, जनुकीय दोष, वजन वाढवणारी औषधे ही कारणे तपासली का?
• लठ्ठपणामुळे आजार जडला आहे का, की चिंता फक्त दिसण्याची आहे?
• मुलाची उंची आणि वयात येण्याची प्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे?
• पथकात सर्जनबरोबर बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत का?
• पुढची दहा वर्षे तपासणी कोण करणार, कुठे आणि किती खर्चात?

सहावा प्रश्न मुलालाच विचारायचा : तुला हे हवे आहे का, आणि नंतर काय पाळावे लागेल ते कळले आहे का? १८ वर्षांखाली सही पालकांची चालते, पण गोळी रोज मुलालाच गिळायची असते.

मग उत्तर काय?

बहुतेक लठ्ठ मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. आजार जडलेल्या, खरे प्रयत्न करून थकलेल्या मोजक्या किशोरवयीनांना ती नाकारणे मात्र अन्याय ठरेल. बाकीच्यांचा उपाय रुग्णालयाबाहेर आहे. राज्य सरकारने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडवर बंदी घातली. जास्त साखर, मीठ आणि चरबीचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. ‘सीबीएसई’ने २०२५ मध्ये शाळांना ‘साखर फलक’ लावायला सांगितले. कागदावर सगळे आहे. शाळा सुटताना फाटकाबाहेर ५० पावले चालून पाहिले, की त्यातले किती उतरले ते कळते.