विश्लेषण : एका चाचणीसाठी चारदा रक्त, मग बिल किती चाचण्यांचे?

मूल वयाच्या मानाने बुटके राहत असेल, तर डॉक्टर ग्रोथ हार्मोनची ‘स्टिम्युलेशन टेस्ट’ सुचवू शकतात. त्यासाठी काही तासांत अनेकदा रक्त घेतले जाते. मग चाचण्या किती धरायच्या, एक की चार? अमेरिकेत याचे उत्तर पाच आकडी कोड देतो. तिथल्या बिलांचे कोडिंग पुणे, नवी मुंबईतील कंपन्यांतही चालते. आपल्या बिलांवर मात्र हा हिशेब क्वचितच दिसतो.

पुन्हा पुन्हा रक्त कशासाठी?

ग्रोथ हार्मोन दिवसभर एकसारखे स्रवत नाही. ते अधूनमधून, विशेषतः गाढ झोपेत वाढते. त्यामुळे दिवसा घेतलेल्या एका नमुन्यावरून कमतरता ठरवता येत नाही. म्हणून उपाशीपोटी पहिला नमुना घेतात, मग क्लोनिडिन किंवा आर्जिनिनसारखे औषध देतात आणि ठरावीक अंतराने पुढचे नमुने घेतात. अ‍ॅड्रिनल ग्रंथी तपासतानाही इंजेक्शनच्या आधी आणि नंतर कॉर्टिसॉल मोजले जाते.

कोड काय सांगतो?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये ‘सीपीटी’ ही कोडसूची पहिल्यांदा प्रसिद्ध केली. तिच्यात अशा चाचण्यांचे ‘पॅनल’ आहेत. ८०४०० म्हणजे कॉर्टिसॉल दोनदा. ८०४२८ म्हणजे ग्रोथ हार्मोन चारदा. ८०४२६ मध्ये एफएसएच आणि एलएच प्रत्येकी चारदा. औषधाची किंमत आणि ते देण्याचे शुल्क पॅनलमध्ये येत नाही. त्यांचे कोड वेगळे असतात.

चूक कुठे होते?

चारपैकी एक नमुना घेताच आला नाही, तर ८०४२८ लावता येत नाही. तेव्हा ग्रोथ हार्मोनचा सुटा कोड ८३००३ तीनदा लावावा लागतो. उलट, चारही नमुने झाले असताना पॅनल मोडून सुटे पैसे लावणे म्हणजे ‘अनबंडलिंग’, तेही नियमाबाहेर. सोबत चाचणीचे कारण सांगणारा आजाराचा कोड हवा. मुलाच्या बुटकेपणासाठी तो आर६२.५२ आहे. कारण जुळले नाही, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते.

पुण्यात बसलेल्या कोडरला रुग्ण दिसत नाही, फक्त नोंदी दिसतात. नर्सने वेळ लिहिली नसेल, तर झालेले कामही बिलात धरता येत नाही. या क्षेत्राचा नियम साधा आहे : नोंद नाही, तर काम झाले नाही.

आपल्याकडे अडचण कोणती?

आपल्याकडे या चाचणीचे पैसे अनेकदा पालकच भरतात. बिलावर चाचणीचे नाव आणि एकच रक्कम असेल, तर नमुने किती, औषधाचे किती, खाटेचे किती हे कळत नाही. मुलाला एक दिवस दाखल केले की विमा मिळेल, हा समजही महागात पडतो. भारतीय विमा नियामकाच्या प्रमाणित अटींनुसार केवळ तपासणीसाठी दाखल झाल्याचा खर्च वगळता येतो. पॉलिसीत ही अट ‘एक्सक्ल ०४’ या क्रमांकाने छापलेली असते.

मग करायचे काय?

अमेरिकेची कोडपद्धत जशीच्या तशी आणण्याची गरज नाही. ती इतकी किचकट आहे की सामान्य रुग्णाला आपलेच बिल वाचता येत नाही. पण तिच्यातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे, ती म्हणजे मोजदाद. प्रत्येक बिलावर नमुन्यांची संख्या, त्यांच्या वेळा, औषधाचे नाव व मात्रा आणि खाटेचे शुल्क वेगवेगळे छापायला हवे. हे लॅबला जड नाही. नमुन्यांच्या वेळा नोंदवल्याशिवाय अहवालाचा अर्थच लागत नाही.

तोपर्यंत पालकांनी चाचणीआधीच तीन गोष्टी विचाराव्यात. नमुने किती? ग्रोथ हार्मोनच्या कमतरतेचे निदान पक्के करण्यासाठी बहुधा दोन औषधांनी चाचणी करतात. सांगितलेल्या रकमेत दोन्ही आहेत का? आणि एखादा नमुना वाया गेला, तर पुन्हा पैसे कोण देणार? लेकराच्या हाताला चारदा सुई टोचायची असेल, तर त्या चारही वेळांचा हिशेब कागदावर मिळालाच पाहिजे.