अडगळ पावसात बाहेर काढू नका

परवा दवाखान्यात एक ओळखीच्या आजी आल्या होत्या. रक्तदाब तपासून झाला, गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता म्हणाल्या, “डॉक्टरांनू, चतुर्थेक झिलाची माणसां येतली म्हणान माळो साफ केलंय. पण पावसात भंगारवालो काय येना नाय. ह्यां सगळां टाकूचां खंय?”

मी म्हटले, “परत माळ्यावर ठेवा.” आजींना वाटले, डॉक्टर थट्टा करतात.

थट्टा नव्हती. आपल्याकडे घरातली मोठी साफसफाई चतुर्थीच्या तोंडावर, म्हणजे ऐन श्रावणात होते. नेमक्या त्याच दिवसांत भंगारवाल्याची फेरी कमी होते आणि जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाईही गावात फिरकत नाही. मग घर लखलखीत होते आणि सगळी अडगळ मागच्या परड्यात, गडग्याच्या कडेला जाऊन पडते. माझ्या मते ती माळ्यावर होती तेच बरे होते. तिथे ती कोरडी होती.

हे मी शहाणपणाच्या जोरावर सांगत नाही, स्वतः ठेच खाल्ली म्हणून सांगतो. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली. सकाळचा दवाखाना आटोपला की हाताला काम नसे. एप्रिलमध्ये मी माळा उपसला. स्कूटरचे दोन टायर, फुटका कमोड, रंगाचे रिकामे डबे, फ्रीजचा ट्रे, सगळे न्हाणीच्या मागे रचले. भंगाराची दुकाने बंद होती. म्हटले, उघडतील तेव्हा देऊ. ती उघडली, तोवर मी विसरलो होतो. जुलैत आशाताई डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरत आल्या आणि टायरातले पाणी वाटीत घेऊन माझ्यासमोर धरले. “डॉक्टरांनू, ह्यां तुमच्या घराकडचां.” वाटीत अळ्या वळवळत होत्या. त्याच पंधरवड्यात शेजारच्या मुलाला डेंग्यू झाला आणि सहा दिवस रुग्णालयात राहावे लागले. माझ्याच टायरातला डास त्याला चावला, हे मला सिद्ध करता येणार नाही. चावला नाही, हेही करता येणार नाही.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला स्वच्छ साठलेले पाणी लागते. करवंटीभर पाणीही त्याला पुरते. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी लागले की फुटतात. त्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांत डास उडू लागतो. म्हणून नुसते पाणी ओतून टायर तिथेच ठेवण्यात अर्थ नाही. तो आत घ्यावा किंवा त्याला मोठी भोके पाडावीत. आमचे दोन टायर शेवटी मच्छिमारांच्या होडीला लागले. होडी धक्क्याला घासू नये म्हणून ते बाहेरून टायर बांधतात, हे मला आधी सुचायला हवे होते.

जुन्या गाद्यांचा प्रकार निराळा. भिजलेल्या गादीत उंदीर घर करतो. उंदराच्या लघवीतून लेप्टोचे जंतू ओल्या मातीत आणि पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. लेप्टो आपल्या जिल्ह्याला नवा नाही. चिखलात उतरणारे त्याला शेतातला आजार समजतात, पण तो परड्यातूनही येऊ शकतो.

“मग जाळून टाकतो,” असे कोणी म्हणेल. पातेऱ्याबरोबर वायर, प्लॅस्टिक, रेक्झीन जाळण्याची सवय वाईट आहे. वायरवरचे आवरण जळताना डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. दम्याच्या रोग्याला तो धूर त्याच रात्री कळतो, बाकीच्यांना कळत नाही एवढेच. व्हाळात टाकणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे. व्हाळातले सगळे शेवटी खाडीत जाते.

तेव्हा पाऊस असेपर्यंत अडगळ छपराखालीच राहू द्या. भांडी पालथी घाला, कपडे उन्हात सुकवून गोणीत बांधा. ट्यूबलाइट फोडू नका, तिच्यात पारा असतो. जुन्या गोळ्या मात्र साठवू नका आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा आणि पुडीत बांधून कचऱ्यात टाका. इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत घालून झाकण घट्ट लावा आणि आरोग्य केंद्रात चौकशी करून द्या.

पण सगळा भार घरच्या बाईवर टाकून कसे चालेल? वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेने कचरा वेगवेगळा करण्याचे काम असे केले की तिथला कचरा डेपो बघायला माणसे जातात. ग्रामपंचायतींना तेवढे जमणार नाही हे मान्य. पण मे महिन्यात, मिरगाच्या आधी, एक दिवस ठरवून दवंडी द्यावी, एक कोरडी शेड मोकळी ठेवावी आणि भंगारवाल्याला तिथेच बोलवावे, एवढे तर जमेल? १६ मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर फुटके पत्रे आणि फाटकी ताडपत्री कित्येक घरांमागे पावसाळाभर पाणी धरून होती. तेव्हा अशी एखादी शेड असायला हवी होती.

आजींनी ऐकून घेतले. म्हणाल्या, “म्हणजे माळो साफ केलंय तो फुकट?” मी म्हटले, फुकट नाही, जाळी-कोळिष्टके तर गेली. त्यांनी मग पिशवीतून औषधांची एक जुनी पुडी काढली. तिच्यात आजोबांच्या गोळ्या होत्या. आजोबांना जाऊन चार वर्षे झाली.