दम लागतो म्हणूनच चालायचे

शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला ‘व्यायाम करा’ असे सांगितले, तर तो हसतो. ज्याने जन्मभर चिखलणी केली, भाताचे भारे डोक्यावरून खळ्यावर आणले, त्याला व्यायाम कोणी शिकवायचा? जिने रानातून मोळी आणली, विहिरीवरून हंडे वाहिले, तिला ‘फिरायला जा’ म्हणणे ही तर थट्टाच. व्यायाम हा ठाण्या-डोंबिवलीच्या लोकांचा शौक, अशी आपली समजूत आहे. एका आजारात मात्र ती फार महागात पडते. श्वासनलिकांचा हा जुना, हळूहळू वाढत जाणारा विकार. डॉक्टर त्याला ‘सीओपीडी’ म्हणतात, गावात सरसकट ‘दमा’ म्हणतात.

हा विडी ओढणाऱ्यांचा आजार, असे पूर्वी मानले जाई. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात लेख लिहून, कधीही धूम्रपान न केलेल्यांच्या सीओपीडीकडे जगाचे लक्ष वेधले. २०१६ साली भारतात या विकाराचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते आणि मृत्यूच्या कारणांत हृदयविकारानंतर त्याचाच क्रमांक होता. आपल्या भागात कारणे शोधायला लांब जायला नको. घरात गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचे पाणी अनेक ठिकाणी चुलीवरच असते. पावसाळ्यापूर्वी शेतात राब भाजला जातो. दिवाळीनंतर वीटभट्ट्या धुमसू लागतात आणि तिथे राबणारी कुटुंबे भट्टीशेजारीच झोपडी बांधून राहतात.

एकदा दम लागू लागला, की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे बसणे. आधी शेत सुटते, मग बाजार, मग देवळापर्यंतची वाट. घरची माणसेही मायेने सांगतात, ‘आबा, तुम्ही बसा, मी आणतो.’ ही माया खरी असते. पण तिनेच आजार बळावतो. बसून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. दुबळे स्नायू लवकर थकतात आणि त्याचा भार श्वासावर पडतो. काल अंगणात लागणारा दम आज ओटीवर लागतो. मग माणूस आणखी बसतो. हे चक्र औषधाने हलके होते, पण ते तुटते चालण्यानेच.

इथे एक गोष्ट रुग्णाला आरंभीच स्पष्ट सांगितली पाहिजे. व्यायामाने फुप्फुसाची झीज भरून येत नाही. सुधारतात ते पाय. आणि पाय सुधारले, की त्याच फुप्फुसावर माणूस अधिक लांब जातो. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ साली ६५ चाचण्यांचा, सुमारे ३८०० रुग्णांचा आढावा घेतला; त्यात अशा व्यायामाने धाप आणि थकवा कमी झाला, चालण्याची ताकद वाढली. उत्साह टिकत नाही तो बहुतेक वेळा इथेच. महिनाभर चालून रुग्ण दवाखान्यात जातो, यंत्रात फुंकतो, आकडा तोच येतो. ‘एवढे करून काय मिळाले?’ म्हणून तो पुन्हा बाजेवर बसतो. मोजायचे ते फुंकणे नव्हे, तर अंतर. दारापासून देवळापर्यंत गेल्या महिन्यात चार वेळा थांबावे लागत होते, या महिन्यात दोनदा. ही खरी प्रगती. ती कॅलेंडरवर रोज लिहून ठेवावी. डॉक्टरही सहा मिनिटांत सपाट जागेवर किती मीटर चालता आले, हेच पाहतात.

चालायचे कसे? आधी डॉक्टरांना विचारून. चालण्याआधी पंप घ्यायला सांगितला असेल तर घ्यावा. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. आरंभ पाच मिनिटांनी केला तरी पुरे. दम लागला तरी चार शब्द बोलता यावेत, इतपतच वेग ठेवावा. नाकाने श्वास घ्यावा आणि गरम चहा फुंकावा तसा ओठांतून, दुप्पट वेळ लावून सोडावा. छातीत दुखले, चक्कर आली, ओठ निळे पडले तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. थंडीत पहाटेच्या धुक्यात आणि धुरात न जाता ऊन वर आल्यावर निघावे. उन्हाळ्यात सकाळीच, पण शेजारच्या शेतात राब पेटला असेल तर त्या दिवशी नाही. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात. तेव्हा पडवीत फेऱ्या माराव्यात, किंवा खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे. तापखोकल्याने आठ दिवस मोडले, तर अर्ध्यापासून पुन्हा सुरू करावे. खंड पडणे हा पराभव नव्हे. पण कायमचे थांबले, तर कमावलेले वर्षभरात ओसरते.

म्हणूनच हा भार एकट्या रुग्णाच्या इच्छाशक्तीवर टाकून चालणार नाही. घरातल्या एकाने ‘बसा’ऐवजी ‘चला, मी येतो’ म्हणायला शिकले पाहिजे. सुनेने सासूबरोबर, नातवाने आजोबांबरोबर दहा मिनिटे चालावे. सरकारचेही काम आहे. अशा व्यायामाची केंद्रे मुख्यतः मोठ्या शहरांत असतात. डोळखांब किंवा टोकावड्याच्या म्हाताऱ्याने तिथे आठवड्यातून दोनदा कसे जायचे? २०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरल्या होत्या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात तीस मीटर सपाट जागा, एक घड्याळ, दोन खुर्च्या आणि तेच ऑक्सिमीटर एवढ्यावर आठवड्याचा एक वर्ग सहज उभा राहील. बाजाराच्या दिवशी तो भरवला, तर माणसेही येतील.

कष्टाची सवय असलेल्या या मुलखाला व्यायाम परका नाही. फक्त कष्ट थांबतात त्या वयात आणि त्या आजारात, चालणे हेच औषध आहे, हे घराघरात पटले पाहिजे. देवळापर्यंतची वाट सुटली असेल, तर आज निदान कुंपणापर्यंत जावे.