वर्गात मुलांना बोलू द्यावे, याबाबत पाचवे निवेदन

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी महोदय,
शिक्षण विभाग

विषय : सेमी इंग्रजीच्या वर्गांतील ‘फक्त इंग्रजी’ ही तोंडी सूचना रद्द करण्याबाबत व इंग्रजीच्या अध्यापनात सुधारणा करण्याबाबत.

संदर्भ : आमची यापूर्वीची चार पत्रे व आपल्या दालनातील दोन बैठका.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पालक आपणांस हे पाचवे निवेदन सादर करीत आहोत. आधीच्या चारही पत्रांवर आपल्या आवक विभागाचे शिक्के आहेत. उत्तर एकालाही आलेले नाही. नियम, शासन निर्णय आणि परिपत्रके आपणांस आमच्याहून चांगली ठाऊक आहेत, म्हणून ती येथे उतरवत बसत नाही. वर्गात काय चालले आहे तेवढेच सांगतो.

१. ‘फक्त इंग्रजी’ची सूचना

या जूनपासून आमच्या शाळेतील सेमीच्या वर्गांत मुलांनी मराठीत बोलायचे नाही, अशी सूचना आली. तिचा कागद कोणीही पाहिलेला नाही. शाळेत विचारले तर ‘वरून आले आहे’, आणि वर विचारले तर ‘आम्ही असे काही सांगितलेले नाही’. अंमल मात्र चोख आहे. मूल मराठीत बोलले की वहीच्या शेवटच्या पानावर तांबडी फुली. पाच फुल्या झाल्या की पालकांना बोलावणे.

जुलै महिन्यात दुसरीच्या वर्गातील एका मुलीला तासाला लघवीला जायचे होते. परवानगीचे इंग्रजी वाक्य तिने पाठ केले होते. त्याच दिवशी सकाळी आईला म्हणूनही दाखवले होते. पण घाईच्या वेळी ‘मे आय’च्या पुढचे काही आठवेना. ती उभी राहिली आणि जे वाक्य रोज तोंडात असते तेच बोलून गेली, ‘मे आय कम इन’. वर्ग हसला. ‘आतच तर आहेस, आणखी कुठे येतेस? नीट आठव, मग सांग,’ असे म्हणून तिला खाली बसवण्यात आले. ती आठवत बसली. पुढे बाकावर जे व्हायचे ते झाले. चौथीच्या वर्गातून तिच्या थोरल्या बहिणीला बोलावून फडके आणायला सांगितले, आणि तो बाक त्या बहिणीने पुसला.

ही मुलगी मुकी नाही. तिची आई चार घरी धुणीभांडी करते. सुट्टीच्या दिवशी ती आईबरोबर जाते, तीन घरांत मराठीत आणि चौथ्या घरच्या आजींशी हिंदीत गप्पा मारते. ती हिंदी तिला कोणी शिकवलेली नाही. आजी विचारतात, ती चुकतमाकत सांगते, आजी ऐकून घेतात, एवढ्यावर ती भाषा आली. शाळेत मात्र त्या दिवसानंतर तीन आठवडे तिने हजेरीला ‘प्रेझेंट’ सोडून दुसरा शब्द उच्चारला नाही. सकाळी ती पाणी पीत नाही. दप्तरात दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. आई बाटली धुते, भरते, पुन्हा देते.

वर्गाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी त्या आईची माफी मागितली, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. आपल्या कार्यालयाकडून दिलगिरीचा एक शब्दही आलेला नाही.

हा प्रसंग आम्ही पहिल्याच पत्रात लिहिला होता. सप्टेंबरच्या बैठकीत आपण तो ऐकून घेतला आणि ‘आठ दिवसांत लेखी सूचना काढतो’ असे सर्वांसमक्ष सांगितले. दिवाळीनंतरच्या बैठकीत ‘मसुदा तयार आहे, सही राहिली आहे’ असे उत्तर मिळाले. आता जानेवारी संपत आला. आठ दिवसांचे चार महिने झाले. फुल्या अजून पडत आहेत.

२. मग इंग्रजी तरी येते का?

मराठी बंद करून इंग्रजी येत असते, तर हे पत्र कदाचित लिहिले नसते. मुख्याध्यापकांच्या परवानगीने आमच्यातील एक पालक पाचवीच्या इंग्रजीच्या सहा तासांना मागच्या बाकावर वही घेऊन बसले. तासाचा निम्म्याहून अधिक वेळ फळ्यावरची प्रश्नोत्तरे उतरवून घेण्यात गेला. उरलेल्या वेळात बाई बोलल्या आणि मुलांनी एका सुरात त्यांच्या मागून म्हटले. मुलांनी स्वतः जुळवलेली इंग्रजी वाक्ये सहा तासांत दोन.

त्यातले एक असे : ‘टीचर, ही टेक माय रबर.’ तक्रार खरी होती आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला समजली होती. त्यावर बाई म्हणाल्या, ‘टेक नाही, टुक. म्हण, टुक.’ मुलगा ‘टुक’ म्हणाला आणि खाली बसला. रबर मिळाले नाही. इंग्रजीत बोलल्याने काही काम होते, हे त्या मुलाला त्या दिवशी कळू शकले असते.

दुसऱ्या एका तासाला आवडते फळ विचारले. मूल उठून तोंड उघडणार तोच ‘मँगो, से मँगो’ असे उत्तर बाईंनीच दिले आणि सगळा वर्ग ‘मँगो’ म्हणाला. त्या मुलाच्या मामाची पुरंदरला सीताफळाची बाग आहे. तो सीताफळाचा इंग्रजी शब्द शोधत होता. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांबतात, एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात, हे अमेरिकेत मेरी बड रोव यांनी १९७० च्या दशकातच दाखवले. त्या दोन सेकंदांसाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.

गणिताच्या तासाला मुलांना दुहेरी मार बसतो. बापाच्या भाजीच्या गाडीवर सुट्टे पैसे मोजून देणारा मुलगा ‘व्हॉट इज द रिमेंडर?’ या प्रश्नाला गप्प राहतो. घरी त्याच गणितात ‘बाकी किती उरली?’ विचारले की लगेच सांगतो. वर्गात ‘रिमेंडर म्हणजे बाकी’ एवढे एकदा म्हटले असते तर काम झाले असते. पण ते बाईंनीही म्हणायचे नाही, अशी सूचना आहे.

३. आम्ही इंग्रजीच्या विरोधात नाही

मागच्या बैठकीत आपल्या एका सहकाऱ्यांनी तसे सुचवले, म्हणून हे लिहावे लागते. पहिलीपासून इंग्रजी २००० साली, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सुरू झाले. त्या पहिल्या तुकडीत बसलेले काही जण आज या निवेदनावर पालक म्हणून सह्या करीत आहेत. दहावीपर्यंत दहा वर्षे आम्ही इंग्रजी शिकलो, पासही झालो. आज फोनवर पलीकडून कोणी इंग्रजीत बोलले की फोन शेजाऱ्याच्या हाती देतो. कारण त्या दहा वर्षांत आम्हांला कोणी इंग्रजीत काही खरोखर विचारलेच नव्हते. इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर याच पुण्याचे. आमच्या मुलांना ते दूध रोज फळ्यावर लिहून दाखवले जाते.

कॅनडात इंग्रजी घरांतली मुले वर्षानुवर्षे फ्रेंच माध्यमात शिकूनही समजण्यात पुढे आणि बोलण्या-लिहिण्यात मागे राहिली, तेव्हा मेरिल स्वेन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये एक कारण पुढे आणले : मुले फ्रेंच ऐकत होती, पण स्वतः बोलायची वेळ त्यांच्यावर फारशी येत नव्हती. तेथे शिक्षक अस्खलित फ्रेंच बोलणारे होते. आमच्या बाई स्वतः मराठी माध्यमात शिकल्या आहेत आणि इंग्रजी बोलताना त्याही आमच्यासारख्याच अडखळतात. दोष त्यांचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांचे प्रशिक्षण घेण्याचे आपण मान्य केले होते. ते झाले नाही. पाठ्यपुस्तके तयार करणारी बालभारती आणि शिक्षकांना प्रशिक्षण देणारी राज्य परिषद या दोन्ही संस्था याच शहरात आहेत, रिक्षाने जाण्याइतक्या जवळ.

मागण्या

१) ‘फक्त इंग्रजी’ची सूचना लेखी आदेशाने रद्द करावी. तहान, लघवी, दुखणे, भीती, भांडण आणि न समजलेला धडा या गोष्टी मूल कोणत्याही भाषेत सांगेल व शिक्षक ऐकतील, हे त्यात स्पष्ट शब्दांत असावे. आदेशाची प्रत शाळेच्या दर्शनी फलकावर मराठीत लावावी. वह्यांवरील फुल्यांचा हिशेब बंद करावा. या मागणीबाबत तोंडी आश्वासन आम्ही स्वीकारणार नाही.

२) इंग्रजीच्या प्रत्येक तासात किमान १० मिनिटे मुलांनी जोडीने, आपापले बोलण्यासाठी राखून ठेवावीत. तेवढा वेळ चुका काढू नयेत. मूल काय सांगते आहे त्याला उत्तर द्यावे.

३) गणित व विज्ञानातील नवी संज्ञा आधी मराठीत समजावून मग इंग्रजीत द्यावी.

४) मान्य केलेले प्रशिक्षण उन्हाळी सुट्टीपूर्वी, प्रत्यक्ष वर्गात घ्यावे.

५) तोंडी परीक्षेचे गुण परीक्षा घेऊन द्यावेत.

६) वर्गातील बंद टीव्ही दुरुस्त करावा.

७) वाचनपेटीत इंग्रजी गोष्टींची सोपी पुस्तके ठेवावीत.

मागणी क्रमांक १ साठी निधी लागत नाही, निविदा लागत नाही. एक सही लागते, जी आपल्याच शब्दांत ‘राहिली आहे’. पंधरा दिवसांत ती न झाल्यास आम्ही मुलांसह आपल्या कार्यालयात येऊ. मुले आपल्याशी मराठीत बोलतील. फुल्या मारायच्या असल्यास आपण स्वतः माराव्यात.

त्या मुलीच्या आईने या निवेदनावर पहिली सही केली आहे. काल त्यांना विचारले. बाटली अजून भरलेलीच येते.

कळावे,

आपले विश्वासू,
सेमी इंग्रजीच्या वर्गांतील पालक, पुणे
(सह्या मूळ प्रतीवर)