डॉलर खाली आला, कारखाने परत आले नाहीत

मेलबर्नला असताना आमच्या टीममधला एक जण रोज सकाळी लोहखनिजाचा भाव बघायचा. आम्ही कोडिंग करणारी माणसं, आमचा खनिजाशी काय संबंध? तर म्हणे, "भाव पडतोय. घरी पैसे पाठवायचे असतील तर आजच पाठव." मला वाटायचं, याला शेअरबाजाराचा नाद लागलाय. पण गडी बरोबर होता.

हिशेब बघा. पिलबारातून चीनला जाणारं खनिज विकलं जातं अमेरिकन डॉलरमध्ये. पण खाणकंपन्यांना पगार आणि टॅक्स भरावे लागतात ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये, म्हणजे तो विकत घेणं आलं. भाव चढले की नव्या खाणींसाठी बाहेरचा पैसाही येतो. त्यात २०११ मध्ये तिथला व्याजदर ४.७५ टक्के आणि अमेरिकेत जवळजवळ शून्य! ऑक्टोबर २००८ च्या घबराटीत ६० सेंटपर्यंत आपटलेला ऑस्ट्रेलियन डॉलर जुलै २०११ मध्ये १.१० अमेरिकन डॉलरवर गेला.

आता मेलबर्नच्याच आल्टोनात बनणारी टोयोटा कॅमरी घ्या. ती आखातात निर्यात व्हायची. समजा एका गाडीला २५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च. २००८ च्या त्या दराने ती पडते १५ हजार अमेरिकन डॉलरला, २०११ च्या दराने साडेसत्तावीस हजारांना. गाडी तीच, कामगार तेच. कोण घेईल?

अर्थतज्ज्ञ म्हणतात, तरता विनिमय दर म्हणजे शॉक अॅब्सॉर्बर. खनिज पडलं की चलनही पडतं, बाकीच्या निर्यातदारांना हात मिळतो. अर्धं खरं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये खनिज टनाला ४० डॉलरच्या खाली गेलं आणि पुढच्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन डॉलर ७० सेंटच्या खाली. पण तोवर फोर्ड, होल्डन आणि टोयोटा तिघांनीही उत्पादन बंद करायचं जाहीर केलं होतं. ऑक्टोबर २०१७ पर्यंत सगळं संपलं. छोटी बाजारपेठ, कमी झालेलं आयातशुल्क, ही कारणं होतीच. पण महाग डॉलरचं नाव कंपन्यांनी स्वतःच घेतलं होतं. दर स्क्रीनवर परत येतो हो, सुटे भाग बनवणारे कसे परत येणार?

नॉर्वे तेलाचा पैसा फंडात टाकून देशाबाहेर गुंतवतो, म्हणजे तेवढा भार क्रोनवर येत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये खाणींच्या जादा नफ्यावर कर लावला खरा. वसुली किरकोळ झाली, आणि २०१४ मध्ये तोही रद्द. टोयोटाने गाशा गुंडाळायची घोषणा केली, त्याच वर्षी.